पुरेसा ओला कुत्रा

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास वेन्डेल टॉर्गर्सनच्या गॅरेजसमोरून एक निळा आइसबॉक्स पाच डॉलरला विकला गेला. विकणारी त्याची बायको मार्गो. घेणारा टोपी घातलेला, दाढीवाला, घाईतला माणूस. नाव कोणी विचारलं नाही, कारण घरातल्या जुन्या वस्तू दारात मांडून विकायच्या गॅरेज सेलमध्ये नावं विचारत नाहीत.

"जड आहे हो," तो म्हणाला.

"जुना आहे. तेव्हा असेच दणकट करायचे," मार्गो म्हणाली.

त्याने आइसबॉक्स पिकअपच्या मागे टाकला आणि तो निघून गेला.

आत बर्फ नव्हता. आत वेन्डेलच्या कंपनीचा एक गेमिंग कन्सोल होता. तो बाजारात यायला अजून दोन वर्षं होती आणि कंपनीबाहेरच्या कोणी त्याचा फोटो जरी काढला, तरी वेन्डेलला आपल्या टेबलावरची कुंडी खोक्यात भरून घरी यावं लागणार होतं. पण खरा घोटाळा याहून मोठा होता. कंपनीने वेन्डेलला दोन कन्सोल घरी नेऊ दिले होते, एक महागडा आणि ताकदवान, दुसरा स्वस्त आणि बेताच्या ताकदीचा. त्यांतला कोणता विकला गेला आणि कोणता उरला, हे आता वेन्डेललाही सांगता येत नव्हतं. आणि दोघांतला फरक सामान्य माणसाला कळतच नाही, हेच तर तो गेली तीन वर्षं ऑफिसात बोंबलून सांगत होता.

वेन्डेल किंमत विभागात होता. हा विभाग कन्सोल बनवत नाही, त्यावरचे खेळही बनवत नाही. वस्तू केवढ्याला विकायची एवढंच ठरवतो. त्यामुळे बनवणारे लोक या विभागाकडे, लग्नात फक्त जेवायला आलेल्यांकडे बघावं तसं बघतात. कंपनीत नव्या पिढीच्या दोन यंत्रांना डोंगरांची लांबलचक नावं दिली होती. ती कोणाच्या लक्षात राहत नसत, म्हणून सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. थोरला हजार डॉलरच्या घरात जाणार होता. धाकटा जवळजवळ निम्म्यात बसत होता. बाजारात मेमरीचे भाव चढल्यापासून थोरल्याची किंमत कोणी मोठ्याने उच्चारत नव्हतं.

वेन्डेलचं म्हणणं सरळ होतं. बहुतेक माणसं पडद्यापासून आठ फुटांवर बसतात, त्यांच्या बोटांना चिप्सचं तेल असतं आणि चष्मा दुसऱ्या खोलीत असतो. त्यांना धाकटा पुरे.

त्याची वरिष्ठ ट्रिश कॅव्हानॉ हिचं म्हणणंही सरळ होतं. "वेन्डेल, ज्याला स्वस्त हवंय तो मागच्या पिढीचं यंत्र घेईल. ज्याला नवं हवंय तो भारीतलं घेईल. तुझा धाकटा नेमका कोण घेणार? आणि खेळ बनवणाऱ्यांना काय सांगू? प्रत्येक खेळ आधी या अशक्ताला झेपेल असा करा, मग त्या पैलवानाला द्या? ते मला जिन्यावरून ढकलतील."

"लोक फरक ओळखणार नाहीत, ट्रिश."

"कोण लोक? तुझी बायको?"

हा टोमणा वेन्डेलला लागला. मार्गोने दोन्ही यंत्रांवरचं चित्र पाहून "छान" असं म्हटलं होतं आणि वेन्डेलने ते सादरीकरणात 'ग्राहकाचा प्रतिसाद' म्हणून घातलं होतं.

शेवटी ट्रिशने मुदत दिली. मंगळवारच्या बैठकीत धाकट्याचा निकाल लागणार होता. एक तर तो थोरल्याच्या जोडीने बाजारात येईल, नाही तर त्याची फाइल कायमची बंद होईल. तोवर वेन्डेलने परक्या माणसांची मतं आणावीत. यंत्रं घरी नेऊन वापरून बघण्याची कंपनीत पद्धतच आहे. नवं यंत्र आधी आपल्याच लोकांच्या दिवाणखान्यात बिघडावं, असं धोरण आहे. फक्त बाहेरच्या नजरेला ते दिसता कामा नये.

परकी माणसं कुठून आणायची, हा प्रश्न मार्गोने सोडवला. शनिवारी हेरॉन लेनमधल्या सगळ्या घरांचा वार्षिक गॅरेज सेल होता. त्या दिवशी बॉथेल गावातली निम्मी माणसं दुसऱ्या निम्म्यांचे जुने दिवे बघत हिंडतात. "तुझ्या गॅरेजात आपोआप गर्दी येईल," ती म्हणाली. "फक्त माझ्या टेबलांसमोर उभा राहू नकोस. तुझ्या चेहऱ्याकडे बघून लोक भाव पाडून मागतात."

आता यंत्रं लपवायची कशात? वेन्डेलच्या घरी एकसारखे दोन निळे आइसबॉक्स होते, सहलीला बर्फ आणि बियर न्यायचे. त्यांना मागून भोकं पाडून तारा बाहेर काढल्या, की झालं. उष्णता आरपार जाऊ न देणं हाच ज्या वस्तूचा जन्माचा धंदा, त्या वस्तूत तापणारं यंत्र कोंडावं, ही कल्पना यंत्रांच्या कंपनीत वीस वर्षं काढलेल्या माणसालाच सुचू शकते. दुसऱ्या कोणाला सुचली असती, तर घरच्यांनी थांबवलं असतं.

चाचणी निर्दोष व्हावी म्हणून वेन्डेलने स्वतःलाही अंधारात ठेवलं. चाचणीसाठीची दोन्ही यंत्रं बाहेरून हुबेहूब सारखी, काळ्या डब्यांतली होती. ओळख म्हणून कंपनीने थोरल्याला रबरबँड लावला होता. वेन्डेलने मार्गोला सांगितलं, "मी बाहेर जातो. तू रबरबँड काढ, दोन्ही यंत्रं दोन आइसबॉक्समध्ये ठेव आणि कशात काय आहे ते मला सांगू नकोस."

"कधीपर्यंत?"

"चाचणी संपेपर्यंत."

"म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत माझ्याशी नीट वागणार तर," मार्गो म्हणाली. रबरबँड तिने कांद्याच्या पातीच्या जुडीला लावला.

मग आत येऊन वेन्डेलने खूण म्हणून एका आइसबॉक्सला हिरवी गोल टिकली चिकटवली आणि दुसऱ्याला केशरी. टिकल्या मार्गोच्या टेबलावर पडलेल्या पाकिटातल्या होत्या. ते पाकीट तिथे का पडलं होतं, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवला नाही. हेरॉन लेनवर बारा वर्षं राहणाऱ्या माणसाला हिरवी टिकली म्हणजे पाच डॉलर आणि केशरी म्हणजे दहा, हे झोपेत विचारलं तरी सांगता यायला हवं होतं. पण वेन्डेल त्या घडीला शास्त्रज्ञ होता.

साडेनऊला दोन पडदे सुरू झाले. दोन्हींवर एकच दृश्य. एक मोठा केसाळ कुत्रा तळ्यातून बाहेर येतो आणि अंग झटकतो. थोरल्यावर त्याचा एकेक केस वेगळा भिजतो. धाकट्यावर केसांचे पुंजके भिजतात. पडद्यांसमोर वेन्डेलने दोन बरण्या ठेवल्या होत्या; ज्या पडद्यावरचा कुत्रा जास्त खरा वाटेल, त्याच्या बरणीत बाटलीचं बूच टाकायचं.

पहिला आला शेजारचा केन मत्सुदा. केन विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनीअर होता आणि निवृत्तीनंतर संपूर्ण गल्लीचा इंजिनीअर झाला होता. तो पडद्यापासून चार बोटांवर वाकून उभा राहिला.

"केन, आठ फुटांवरून बघ."

"आठ फुटांवरून विमानाचा रिव्हेट दिसत नाही. म्हणून काय तो सैल ठेवायचा?" तो म्हणाला. बऱ्याच वेळाने सरळ झाला. "डावा. यात वादच नाही. डाव्याचे केस मोजून घ्यावेत."

डावा म्हणजे हिरव्या टिकलीचा. केनने बूच टाकलं आणि तो गेला नाही. खुर्ची घेऊन बसला आणि येणाऱ्या प्रत्येकाला "डाव्याचे कान बघा" असं सांगू लागला. निवडणुकीत याला मतदान केंद्रातून बाहेर काढतात.

त्याच्यामागून ग्लोरिया पास्कुआल आली. समोरच्या घरातली, निवृत्त नर्स. गॅरेज सेलच्या दिवशी ती दरवर्षी लुंपिया, म्हणजे सारण भरलेले फिलिपिनो रोल, तळून विकते, आणि तिच्या अंगणात विजेची सोय नसल्यामुळे तळण्याचं भांडं वेन्डेलच्या गॅरेजातल्या प्लगला लावते. हा हक्क तिला कोणी दिला, हे कोणालाच आठवत नाही.

"बाळा, दोन्ही कुत्र्यांना टॉवेल द्या आधी," ती म्हणाली.

"ग्लोरिया, तुम्हाला जास्त खरा कोणता वाटतो?"

"कुठल्या जातीचे आहेत?"

"जात महत्त्वाची नाही."

"नाही कशी? माझ्या बहिणीचा असाच होता. अंग झटकलं की भिंती पुसाव्या लागायच्या." तिने डोकं कलतं करून दोन्ही पडदे पाहिले. "डावा जरा जास्त ओला आहे."

वेन्डेलचा चेहरा पडला. मग त्याने, कोणत्याही चाचणीत करू नये अशी गोष्ट केली. तो म्हणाला, "यांतला एक दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट महाग आहे, बरं का."

"असं?" ग्लोरियाने पुन्हा पाहिलं. "मग मला दुसरा आवडला."

"दुसरा म्हणजे कोणता?"

"जो स्वस्त असेल तो. तोही पुरेसा ओला आहे की."

"मला महाग आवडला," केन खुर्चीतून म्हणाला.

"कोणता महाग?"

"ते तू सांग. जो असेल तो."

वेन्डेलला तिथेच कळायला हवं होतं, की सगळी बाजारपेठ आपल्या गॅरेजात येऊन बसली आहे, एक खुर्चीत आणि एक तळणाच्या भांड्याशी. बैठकीत तीन तास वाद घालून कोणाला जे मांडता आलं नव्हतं, ते या दोघांनी तीन वाक्यांत मांडलं होतं. पण त्याचं लक्ष बरण्यांकडे होतं. लोक येत होते, बुचं पडत होती. कोणी त्यात नाणी टाकली, एका बाईंनी च्युइंगमचा कागद टाकला आणि एका गृहस्थांनी डावी बरणीच केवढ्याला, असं विचारलं.

दहाच्या पुढे एका आइसबॉक्समधून आवाज येऊ लागला. आधी मांजर घुरघुरावं तसा, मग केसांच्या ड्रायरसारखा. मग केन, ज्याने आयुष्यभर विमानं ऐकली होती, तो उठून म्हणाला, "हे उडणार आता."

नेमकं त्याच वेळी ग्लोरियाने लुंपियाचा नवा घाणा सोडला. शिवाय केनची विजेवरची गाडी सकाळपासून वेन्डेलच्याच गॅरेजातून चार्ज होत होती, कारण केनचा चार्जर केनने सुधारला होता. ब्रेकर पडला. दोन्ही कुत्रे अर्धवट अंग झटकून नाहीसे झाले.

"मी सांगितलं होतं," केन म्हणाला. त्याने काहीही सांगितलं नव्हतं.

गॅरेजात अंधुक उजेड होता. केनने कोणाला न विचारता आइसबॉक्स उघडले, आतली तापलेली यंत्रं ग्लोरियाच्या तळणाच्या हातमोज्यांनी उचलून बाहेर काढली आणि गार व्हायला फ्रीझरच्या डोक्यावर शेजारी शेजारी ठेवली. दारातून मार्गोने हे पाहिलं. आइसबॉक्स रिकामे झाले, अशी तिच्या मनाने नोंद घेतली आणि ती पुन्हा गिऱ्हाइकांकडे वळली. यात तिची काही चूक होती, असं वेन्डेल पुढे दोन दिवस सिद्ध करू पाहत होता. जमलं नाही.

"कोणतं कशातलं, लक्षात आहे ना?" वेन्डेलने विचारलं.

"अर्थात," केन म्हणाला. "हे इकडचं आणि हे तिकडचं." मग तो यंत्रं अधिक गार व्हावीत म्हणून उलटीपालटी करू लागला.

एवढ्यात सोसायटीच्या अध्यक्षा बेव्हर्ली स्ट्रॉब वळणावर दिसल्या. मागच्या वर्षी वेन्डेलच्या टपालपेटीचा रंग नियमापेक्षा एक छटा गडद असल्याचं त्यांनीच शोधून काढलं होतं, आणि वेन्डेलने ती पेटी निमूटपणे पुन्हा रंगवली होती. त्याच्या स्वाभिमानावरचा तो रंग अजून वाळला नव्हता.

"आत टाक, आत टाक!" वेन्डेल कुजबुजला. केनने दोन्ही यंत्रं, हातातले कंट्रोलर, तारा, सगळं दोन आइसबॉक्समध्ये कोंबून झाकणं लावली. कोणतं कशात, हे विचारायला वेळ नव्हता आणि सांगायला केनला माहीत नव्हतं.

"वेन्डेल," बेव्हर्ली म्हणाल्या, "इथे मतदान चालू असल्याचं माझ्या कानावर आलंय."

"मतदान नाही. मतं घेतोय."

"सोसायटीच्या आवारात मतं गोळा करायची तर समितीची परवानगी लागते."

"कुत्र्याबद्दलची मतं आहेत, बेव्हर्ली."

"कुत्र्याबद्दल तर वेगळा नियम आहे." त्यांनी बंद पडद्यांकडे नजर टाकली. "मला सांगितलं गेलं, की दोन मोठे कुत्रे आणि दोघांनाही पट्टा नाही."

"ते पडद्यावर आहेत!"

"पडदा आवारातच आहे ना?"

बेव्हर्लींनी त्याला घरात येऊन नियमावली काढायला लावली आणि मतांविषयीचा परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला. वाचताना तो एका जागी अडखळला, तेव्हा त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. परवानगीसाठी अर्ज करता येईल, असं त्या म्हणाल्या. समिती पुढच्या महिन्यात बसणार होती. तोवर बरण्या जप्त.

बरण्या काखेत मारून त्या गेल्या आणि वेन्डेल बाहेर आला. केन आणि ग्लोरिया आत ब्रेकरशी झटत होते. गॅरेजच्या तोंडाशी केशरी टिकलीचा आइसबॉक्स होता. हिरव्याच्या जागी फक्त एक चौकोनी, जरा कमी धुळकट जागा होती.

"मार्गो, हिरवा कुठाय?"

"गेला की," मार्गो आनंदाने म्हणाली. "पाच डॉलर. मी म्हटलं, बरं झालं, शेवटी त्यानेच टिकली लावली. किती वर्षं मागे लागले होते, काढून टाक म्हणून."

वेन्डेल पायरीवर बसला. ग्लोरियाने त्याची नाडी बघितली आणि त्याच्या हातात लुंपिया दिला.

शनिवारची उरलेली दुपार शोधात गेली. मार्गोने परिसराच्या संकेतस्थळावर विनंती टाकली, की निळा आइसबॉक्स नेणाऱ्या गृहस्थांनी कृपया फोन करावा. तासाभरात पुष्कळ उत्तरं आली. तिघांनी आपले आइसबॉक्स देऊ केले. एकाने परिसरात कोल्हे वाढल्याची तक्रार केली. एका बाईंचं मांजर हरवलं होतं. एका अनोळखी इसमाने, हल्लीच्या आइसबॉक्सना पूर्वीची सर नाही, असं लिहिलं आणि त्याखाली मोठं भांडण जुंपलं. संध्याकाळी बेव्हर्लींनी ती विनंती काढून टाकली. विक्रीनंतरचा पत्रव्यवहार नियमात बसत नव्हता.

रविवारी खरा छळ सुरू झाला. उरलेलं यंत्र दिवाणखान्यात लावून वेन्डेल त्यासमोर बसला. कुत्रा तळ्यातून बाहेर आला. त्याने अंग झटकलं.

हा थोरला की धाकटा?

वेन्डेल आठ फुटांवरून बघून आला. चार बोटांवरून बघून आला. चष्मा लावला, काढला. कुत्रा ओला होता. पुरेसा ओला होता. कधी वाटे एकेक केस दिसतो आहे, कधी वाटे पुंजके. दुपारपर्यंत कुत्र्याच्या नजरेत त्याला आपल्याविषयी कीव दिसू लागली होती.

वजनावरून ओळखावं म्हणून तो यंत्र घेऊन न्हाणीघरातल्या काट्यावर उभा राहिला. पण मूळ वजन किती, हे त्याला कुठे माहीत होतं? यंत्रातल्या प्रत्येक स्क्रूची किंमत त्याला पाठ होती. एखादी वस्तू उचलायला किती जड आहे, हे किंमत विभागात कोणी विचारत नाही. केन वीज मोजायचं मीटर घेऊन आला. मीटरवरचा आकडा थोरल्यासाठी फारच कमी आणि धाकट्यासाठी फारच जास्त निघाला.

"आइसबॉक्समध्ये तापलंय," केन म्हणाला. "आतून बिघडून अर्ध्या ताकदीवर चाललेला थोरला असेल. नाही तर जिवावर उदार होऊन चाललेला धाकटा."

"तू काल म्हणालास, डावा ओळखायला वादच नाही."

"डावा असता तर ओळखला असता. हा एकटा आहे. एकट्याला डावा कसं म्हणणार?"

कंपनीच्या प्रयोगशाळेत एक केबल होती. ती यंत्राला लावली की थोरला की धाकटा ते लगेच कळतं. पण ती मागायची म्हणजे दुसरं यंत्र कुठे गेलं ते सांगायचं.

संध्याकाळी मार्गो त्याच्याशेजारी बसली आणि दोघांनी मिळून कुत्रा पाहिला.

"तुला खरंच कळत नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"म्हणजे तुझंच खरं ठरलं की रे. कोणालाच कळत नाही. तुलासुद्धा."

वेन्डेलने तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत इतका बिनतोड पुरावा कोणी दिला नव्हता. आणि तो मांडायचा तर नोकरी पणाला लावावी लागणार होती.

"मार्गो, काढून टाकतील मला."

"काढलं तर काढलं. पण तीन वर्षं जेवताना मी त्या धाकट्याबद्दल ऐकतेय. निदान त्याच्यासाठी जा."

मंगळवारी वेन्डेल केशरी टिकलीचा आइसबॉक्स घेऊन बैठकीला गेला. टेबलाभोवती आठ-नऊ जण होते. ट्रिश होती, यंत्रांचा मुख्य इंजिनीअर लायल होता, खेळ बनवणाऱ्यांची बाजू सांभाळणारी डॅना होती. लायल बारीक, लांब मानेचा आणि कधीच न चुकणारा माणूस होता. निदान आजवर त्याने कोणाला उलट सिद्ध करू दिलं नव्हतं.

"दुसरा कुठाय?" ट्रिशने विचारलं.

वेन्डेलने आइसबॉक्समधलं यंत्र काढून पडद्याला जोडलं. तो म्हणाला, "सांगतो. आधी हा बघा. आणि हा कोणता, ते मला सांगा."

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कुत्रा तळ्यातून बाहेर आला.

"थोरला," लायल लगेच म्हणाला. "पोरखेळ आहे हा. कानाच्या मागचे केस बघा."

"काहीतरीच," डॅना म्हणाली. "धाकटा आहे. शेपटी चिकटलीय बघ, साबणाच्या वडीसारखी. असल्या शेपटीपायी माझ्या लोकांनी तीन महिने रडून काढलेत."

"शेपटी ओली असली की चिकटतेच, डॅना. तू कधी कुत्रा पाळलायस?"

"तू कधी खेळ बनवलायस?"

मग सगळेच बोलू लागले. कोणी पडद्याजवळ जाऊन उभं राहिलं, कोणी खोलीच्या टोकाला गेलं. हिशेब खात्यातल्या माणसाने थोरला म्हटलं आणि डॅनाने नजर रोखताच धाकटा केलं. कुत्रा बारा-पंधरा वेळा भिजला. ट्रिशने एकदा चष्मा वर केला, एकदा खाली.

"वेन्डेल," शेवटी ती म्हणाली, "झाली गंमत. कोणता आहे?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही, ट्रिश. रविवारपासून बघतोय."

लायलने खिशात हात घालून ती केबल काढली. कधीच न चुकणारी माणसं अशा वस्तू जवळ बाळगतात. "दोन सेकंदांचं काम आहे," तो म्हणाला.

पण केबल त्याच्या हातातच राहिली. त्याने सगळ्यांदेखत थोरला म्हटलं होतं आणि डॅनाने सगळ्यांदेखत धाकटा. आता यंत्राने काहीही म्हटलं, तरी त्या खोलीतल्या एका जाणकाराला यापुढे बैठकांत खालच्या आवाजात बोलावं लागणार होतं. डॅनाही, "लाव ना," असं म्हणाली नाही.

"आणि दुसरा?" ट्रिशने विचारलं. तिचा आवाज आता फार मृदू झाला होता. तिच्या हाताखाली काम केलेल्यांना या मृदूपणाचा अर्थ माहीत होता.

वेन्डेलने तोंड उघडलं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मार्गो होती. तिने दम खात सांगितलं, की आइसबॉक्स नेणारा माणूस सापडला. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर टॉर्गर्सन नाव आणि नंबर लिहिला होता. सगळ्यांनी डबे आणून जेवायच्या कार्यक्रमात आइसबॉक्सची अदलाबदल होते, म्हणून तिनेच कधीतरी लिहिला होता. माणसाचं नाव क्लिफ. मासेमारी करतो, अ‍ॅनाकॉर्टेसला. दोन दिवस समुद्रात होता. "तुलाच बोलायचंय त्याला. जोडून देते."

"स्पीकरवर टाक," ट्रिश म्हणाली.

वेन्डेलने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"हॅलो," टेबल म्हणालं. "तुमचाच आइसबॉक्स का? मी मासे ठेवायला नेला होता. त्यात कुत्रा निघाला."

कोणीही हसलं नाही. लायलने डोळे मिटले.

"मी परवा पहाटेच निघालो, मला काय माहीत. माझ्या सासूबाईंनी उघडला. जुना व्हिडिओ प्लेयर असेल म्हणून टीव्हीला लावला. आज येऊन बघतो तर बाई रविवारपासून त्या कुत्र्याला तळ्यात पाठवतायत. जेवायलासुद्धा उठत नाहीत. तुमचं यंत्र आहे ना हे?"

"आमचंच," वेन्डेल म्हणाला. बाकीच्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि दुसरं यंत्र कुठे गेलं, हे सांगण्याचं काम आपोआप झालं.

"मग त्यांना एक विचारायचंय. हे महागातलं आहे की स्वस्तातलं?"

ट्रिश फोनकडे झुकली. "का हो?"

"महागातलं असेल तर त्या म्हणतात, आत्ताच्या आत्ता परत देऊन ये. उद्या मोडलं तर भरून कोण देणार? आणि स्वस्तातलं असेल..." पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा ठणठणीत आवाज आला, शब्द कळले नाहीत, हुकूम कळला. "हो, हो, विचारतोय. स्वस्तातलं असेल तर त्या ठेवून घेतात म्हणे, रीतसर किंमत देऊन. आणि अजून एक हवाय, त्यांच्या बहिणीला. तर, कोणतं आहे?"

वेन्डेलने ट्रिशकडे पाहिलं. ट्रिशने लायलकडे पाहिलं. भिंतीवर कुत्रा पुन्हा एकदा तळ्यातून बाहेर आला.

"एक मिनिट थांबा, क्लिफ," ट्रिश म्हणाली. "लायल, लाव ती केबल."

शेवटची बातमी हाती आली तेव्हा क्लिफ अजून फोनवर होता, सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला होता, आणि लायल केबल हातात घेऊन, कोणाकोणाला कॉफी हवी आहे, असं विचारत होता.